वारशाआधी कर्ज

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई रजेवर होत्या, म्हणून सातवीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. मी भाषेचा शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली की उर्दूही. इतिहासाचा मी फक्त वाचक. धडा निघाला पानिपतचा. फळ्यावर १४ जानेवारी १७६१ अशी तारीख लिहिली. डावीकडे सदाशिवरावभाऊ, उजवीकडे अहमदशाह अब्दाली आणि मधे एक उभी रेघ. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "सर, इसमें अपने कौन?"

वर्गात कुणी हसलं नाही. प्रश्न सगळ्यांचाच असावा, विचारायचं धाडस एकानं केलं एवढंच. मी ठरलेलं उत्तर दिलं. म्हटलं, मराठ्यांच्या तोफखान्याचा आणि गारद्यांचा प्रमुख इब्राहिमखान गारदी मुसलमान होता, तो शेवटपर्यंत भाऊंशी एकनिष्ठ राहिला आणि त्यासाठी जिवाला मुकला. यात खोटं काही नाही. पण बोलताना मलाच जाणवलं की मी मुलाला उत्तर देत नव्हतो, त्याच्या हातात एक दाखला ठेवत होतो. कुणी विचारलं तर दाखव, आम्हीही होतो म्हणून सांग. असे दाखले आपण सगळेच खिशात बाळगून असतो. मुलगा खाली बसला, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली.

त्याच सुट्टीत आम्ही दिल्लीला गेलो. मी, बायको आणि नववीतली मुलगी. दिल्ली पाहायची इच्छा खरं तर माझ्या वडिलांची होती. आयुष्यभर पोस्टात टपाल वाटलं, दिल्लीच्या पत्त्यांची पाकिटं हाताळली, पण स्वतः कधी भुसावळच्या पुढे गेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या वाटची दिल्ली आपण पाहून यावी, असं मनात होतं. चार दिवसांत चार बागा पाहिल्या. बागा म्हणतो, कारण दिल्लीत जुनी इमारत पाहायला गेलं की आधी हिरवळ लागते. कबर मागाहून येते.

पहिली बाग लोदी गार्डनची. मेट्रोनं जोरबागला उतरलो आणि चालत गेलो. तिकीट नाही. सकाळी सातला निम्मी दिल्ली तिथे पळायला आलेली. कानात गाणी घातलेली मुलं, गोल करून योगासनं करणारी म्हातारी माणसं, डबा उघडून बसलेली कुटुंबं, आणि या सगळ्यांच्या मधे पंधराव्या-सोळाव्या शतकातले घुमट. सय्यद घराण्यातल्या मुहम्मदशाहचा अष्टकोनी मकबरा १४४४ चा. बडा गुंबदला लागून असलेली मशीद १४९४ ची. शीश गुंबदच्या भिंतींवर निळ्या फरशीचे तुकडे अजून तग धरून आहेत. उत्तरेला तटबंदीच्या आत १५१७ मध्ये वारलेला सिकंदर लोदी. जवळच अकबराच्या काळातला पूल आहे, त्याला अठपुला म्हणतात. मुलीनं कमानी मोजल्या तर सातच भरल्या. खांब आठ म्हणून नाव अठपुला. तिला याचा फार आनंद झाला.

सिकंदर लोदीच्या कबरीपाशी मला बाबर आठवला. २१ एप्रिल १५२६ ला बाबरानं पानिपतावर सिकंदरचा मुलगा इब्राहिम लोदी याला हरवलं. इब्राहिम रणातच मारला गेला. त्यानंतर बाबर दिल्लीला आला आणि त्यानं काय केलं? दिल्ली पाहिली! आपल्या आठवणींत त्यानं स्वतःच तशी नोंद करून ठेवली आहे. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याला गेला, ख्वाजा कुतबुद्दीन यांच्या कबरीला गेला, हौज पाहिले, आणि बहलोल व सिकंदर या लोदी सुलतानांच्या कबरी आणि बागाही पाहिल्या. म्हणजे ज्याचा मुलगा काही दिवसांपूर्वी मारला, त्या बापाच्या कबरीवरही तो जाऊन आला. त्या दिवसांत बाबर थोडाफार आमच्यासारखाच होता, नव्या शहरात आलेला पाहुणा. फरक एवढाच की आम्ही परतीचं तिकीट काढून आलो होतो.

आता त्या मुलाचा प्रश्न इथे लावून पाहा. पानिपतच्या पहिल्या लढाईत अपने कौन? बाबर मुसलमान, इब्राहिमही मुसलमान. इब्राहिम इथला, त्याचं घराणं तीन पिढ्या दिल्लीवर राज्य करणारं, तरी मुळात अफगाण. आणि बाबराला हिंदुस्थानात यायचं आमंत्रण देणाऱ्यांत इब्राहिमचा पंजाबातला सुभेदार दौलतखान लोदी होता, म्हणजे घरातलाच माणूस. धर्माची पट्टी लावली तर ही लढाई मोजताच येत नाही.

सिकंदरबद्दल आणखी एक सांगायला हवं. तो गुलरुखी या नावानं फारसी कविता करायचा. त्यानं आग्रा वसवलं. आणि त्यानं मंदिरं पाडल्याच्या नोंदीही आहेत, त्याही मुसलमान तवारीखकारांनीच लिहिलेल्या, कौतुकानं लिहिलेल्या. कविता तेवढी आपली म्हणून घ्यायची आणि या नोंदीचं पान उलटून टाकायचं, असं मी पूर्वी करत आलो. त्या कबरीपाशी उभं राहून ते जमेना.

या बागेत एक गोष्ट दिसत नाही. १९३६ पर्यंत इथे बाग नव्हती, खैरपूर नावाचं गाव होतं. या मकबऱ्यांच्या आसऱ्यानं लोक राहायचे, चुली पेटायच्या, गुरं बांधलेली असायची. नवी दिल्ली बांधल्यावर साहेबांना फिरायला हिरवळ हवी झाली. गाव हलवलं, गवत लावलं आणि व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावानं लेडी विलिंग्डन पार्क उघडलं. लोदी गार्डन हे नाव स्वातंत्र्यानंतरचं. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती ज्या हिरवळीवर बसली होती तिथून उठली. "मग इथे कुणाचं तरी घर असेल," म्हणाली. मी म्हटलं, असेल. सुलतानांना घुमट मिळाला, साहेबाच्या बायकोला पाटी मिळाली, खैरपूरच्या माणसांना दोन्ही नाही.

दुसरी बाग हुमायूनच्या मकबऱ्याची. तिथे शिरल्यावर हुमायूनच्या आधी लागतो तो ईसाखान नियाझीचा मकबरा. ईसाखान शेरशाह सूरचा सरदार. याच शेरशाहनं चौसा आणि कनौजच्या लढायांत हुमायूनला हरवून हिंदुस्थानाबाहेर पळवलं. हुमायून पंधरा वर्षं राज्याविना भटकला. ईसाखानचा मकबरा १५४७ चा, हुमायूनचा त्यानंतर वीसेक वर्षांचा. म्हणजे मुघलांनी आपल्या बादशहाला त्याच्या शत्रूच्या सरदाराशेजारी ठेवलं, आणि शत्रूचा मकबराही पाडला नाही. दोघांनाही जवळीक हवी होती ती निजामुद्दीन औलियांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ईसाखानच्या आवारातही एक अख्खं गाव नांदत होतं. इथेही तेच, आधी गाव हललं आणि मग गवत आलं.

हुमायूनचा मकबरा पाहताना मात्र आपण बोलायचं विसरतो. लाल दगड, पांढरा संगमरवर, चार भागांत विभागलेली चारबाग, मधून जाणारे पाण्याचे पाट. एकेकाळी हे पाट आटले होते आणि बागेची जमीन खंडानं दिली जात होती. तिथे कोबी आणि तंबाखू पिकायचा. पिकवणाऱ्यांत राजघराण्याचे वंशजही होते, असं एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी अहवालात नोंदलं आहे. पणजोबांच्या कबरीभोवती कोबी लावून पोट भरणारे शहजादे! पुढे आगा खान ट्रस्टनं पुरातत्त्व खात्याबरोबर काम करून पाट पुन्हा वाहते केले.

इथे शंभराहून जास्त कबरी आहेत आणि बहुतेकींवर नाव नाही. त्यांतलीच एक दारा शुकोहची. शाहजहानचा हा थोरला मुलगा. यानं पंडितांना सोबत घेऊन उपनिषदं फारसीत आणली. १६५९ मध्ये धाकट्या भावानं, औरंगजेबानं, त्याला मारवलं आणि इथे पुरवलं. नेमकी कबर कुठली हे ओळखण्यासाठी अभ्यासकांना अजून खटपट करावी लागते. मी मराठवाड्यातला. मारणाऱ्याची कबर आमच्या गावापासून दोन तासांवर खुलताबादला आहे, उघड्या आभाळाखाली, साधी मातीची. लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेलो होतो. मेलेल्याची कबर पाहायला मात्र वयाची पंचेचाळीस वर्षं आणि रेल्वेचा एक दिवस-रात्रीचा प्रवास लागला. दोघं भाऊ. एकाला आपला म्हणायचं आणि दुसऱ्याला टाकायचं, हा हिशेब त्यांच्या बापालाही जमला नव्हता. मुलीनं विचारलं, फातिहा कुठे पढायची? म्हटलं, सगळ्यांवर मिळून एकच पढ.

१८५७ च्या सप्टेंबरात दिल्ली पडल्यावर बहादूरशाह जफर याच मकबऱ्यात लपला होता. मेजर हॉडसननं त्याला इथून धरून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याची दोन मुलं आणि एक नातू यांनाही इथूनच नेलं आणि वाटेत गोळ्या घालून मारलं. पूर्वजाच्या कबरीशी सुरू झालेली ती वाट रंगूनला संपली. ७ नोव्हेंबर १८६२ ला जफर तिथेच वारला. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर एक शाळेची सहल बसली होती. मास्तर ओरडत होते, मुलं वेफर खात होती. मी त्या मास्तरांकडे पाहून मान हलवली. त्यांनीही हलवली.

तिसरी बाग पुराना किल्ल्याची. हुमायूननं इथे दीनपनाह नावाचं शहर वसवायला घेतलं, शेरशाहनं ते हिसकावून आतमध्ये देखणी मशीद बांधली, मग परत आलेला हुमायून इथल्याच शेरमंडलच्या जिन्यावरून पडला आणि १५५६ च्या जानेवारीत मरण पावला. जिना अजून आहे, वर जाऊ देत नाहीत. किल्ल्याच्या आत इंदरपत नावाचं गाव होतं. नव्या दिल्लीच्या कामात तेही गेलं. एव्हाना मुलगी स्वतःच विचारायला लागली होती, "इथलं गाव कोणतं?"

पण माझ्या डोळ्यांपुढे १९४७ होतं. त्या सप्टेंबरात दिल्लीत कत्तली सुरू झाल्या, तेव्हा हजारो मुसलमान घरंदारं सोडून या किल्ल्यात आणि हुमायूनच्या मकबऱ्यात येऊन राहिले. वर ताडपत्री, खाली चिखल, आणि पावसाचं पाणी. पहारे कमी, अन्न कमी, संडास नाहीत. गांधीजी सप्टेंबरातच इथे येऊन या लोकांना भेटले. पुष्कळ जण इथूनच गाड्यांत बसून पाकिस्तानला गेले. काही दिल्लीतच राहिले, पण पुन्हा आपल्या घरात गेले असं नाही. किल्ला रिकामा होत गेला तशी दुसरी माणसं आली. तिकडून सगळं गमावून आलेले पंजाबी हिंदू आणि शीख. त्याच भिंतींच्या आत त्यांनी चुली मांडल्या आणि काही वर्षं काढली. एकाच जमिनीवर पाठोपाठ दोन बेघर गर्दी. एकमेकांच्या दुःखाचं कारण म्हणून दोघींना एकमेकींचा धर्म सांगितला गेला होता.

मी तिथे हिरवळीवर बसलो. बायको म्हणाली, तुम्हाला बरं वाटत नाही का? मी म्हटलं, बरं आहे. १९४७ ची एखादी पाटी माझ्या नजरेस तरी पडली नाही. शेरशाहची मशीद आहे, हुमायूनचा जिना आहे, तंबूंची खूण नाही. त्या मुलाचा प्रश्न इथे आणला तर उत्तर इतकं सोपं होतं की बोलायचीही गरज नव्हती. ताडपत्रीखाली भिजणारी दोन्ही माणसं.

चौथ्या दिवशी लाल किल्ला. सोमवारी तो बंद असतो, म्हणून शेवटी ठेवला होता. लाहोरी दरवाजातून आत, छत्ता बाजार, नौबतखाना, दिवाण-ए-आम, आणि मग दिवाण-ए-खास. संगमरवरी खांबांवर जडावाची फुलं. वर रंगवलेलं लाकडी छत. मुलगी छताकडे पाहत म्हणाली, "खाली एवढं भारी आणि वर लाकूड?" मी सांगितलं, आधी चांदी होती. "अब्बा, चांदी कौन ले गया?"

आता हिला काय सांगायचं? मयूरासन नादिरशाहनं १७३९ मध्ये नेलं, हे सांगायला सोपं. तो इराणचा, लुटारू, शिवाय त्यानं दिल्लीतल्या मुसलमानांनाही सोडलं नाही. पण चांदी? १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौज मोठी, पैसा नाही, दाणागोटा महाग. भाऊंनी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून वितळवली आणि तिची नाणी पाडून फौजेचा खर्च भागवला. आणि ती फौज म्हणजे काय? तिच्यात इब्राहिमखानाचे गारदीही होते. मी ज्याचा दाखला वर्गात दिला, त्याच्या शिपायांचा पगारही याच पैशांतून झाला असेल. मुलीला सांगितलं, "आपण नेली. मराठ्यांनी." ती म्हणाली, "आपण?" मी म्हटलं, हो, आपणच. शाळेत पानिपतचा धडा आला की घशाशी आवंढा येतो ना, तो ज्यांच्यासाठी येतो त्यांनीच.

आणि माझा आवंढा खरा आहे. 'संक्रांत कोसळली' म्हणताना, 'त्याचं पानिपत झालं' म्हणताना मी ते शब्द उसने घेत नाही, ते माझ्याच भाषेतले आहेत. पण मग चांदीही माझीच. पानिपत माझं म्हणायचं आणि चांदी दुसऱ्याची म्हणायची, हे कसं चालेल?

तिथे मला वडिलांचा जनाजा आठवला. आमच्यात रीत आहे. जनाज्याच्या नमाजआधी मोठा मुलगा उभा राहून लोकांना सांगतो, माझ्या वडिलांकडे कुणाचं काही देणं असेल तर मला येऊन सांगा, ते मी फेडीन. मीही सांगितलं, आवाज निघत नव्हता तरी सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाजारातले सायकलवाले चाचा आले. दारातच उभे राहून म्हणाले, बेटा, दोन टायरचे तीनशे चाळीस रुपये राहिले होते, मी सोडून देणार होतो, पण तू सगळ्यांसमोर बोललास म्हणून आलो. मी पैसे दिले आणि माणूस आत बोलावून चहा दिला. मयताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि त्यानंतर उरेल ते वारसांत वाटायचं. कर्ज आणि वसियत आधी, वाटणी नंतर, हे कुराणातच आहे. कर्ज राहू दे, आधी वाटणी करा, असं म्हणायची सोय वारसाला नाही. सायकलवाल्या चाचांना मी, अब्बांचं काय घेऊन बसलात, ते कधीचे गेले, असं म्हणू शकलो असतो का?

इतिहासाचा वारसा मागताना मात्र आपण सगळे नेमकं तेच करतो. ताजमहाल आमचा, पण मारलेला दारा आमचा नाही. अटकेपार झेंडे आमचे, पण उचकटलेलं छत आमचं नाही. वाटणीला सगळे पुढे, कर्ज विचारायला आलं की घरात कुणी नाही.

आणि कर्ज मान्य केलं की बाकीचा हिशेबही नीट दिसायला लागतो, हे मला त्याच अंगणात कळलं. भाऊंनी छत काढलं त्यानंतर बारा वर्षांनी, १७७२ च्या जानेवारीत, इंग्रजांच्या आश्रयानं अलाहाबादला दिवस काढणाऱ्या बादशहा शाह आलमला महादजी शिंद्यांनी याच किल्ल्यात परत आणून बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्यानं किल्ला बळकावला, खजिन्यासाठी बादशहाच्या घरातल्या बायकामुलांचा छळ केला आणि शाह आलमचे डोळे काढले. डोळे काढणारा मुसलमान, ज्याचे काढले तोही मुसलमान. महादजींच्या फौजेनं गुलाम कादिरला पकडून ठार केलं आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. महादजींनी हे प्रेमापोटी केलं असं मी म्हणणार नाही, त्यात राजकारण होतंच. पण छत उचकटणारे आणि डोळे गेलेल्या म्हाताऱ्याला सावरणारे, दोन्ही मराठेच. एकच घेतलं तर निम्मा मराठा उरतो.

दिवाण-ए-खासच्या उत्तरेला हयातबख्श बाग. दोन टोकांना सावन आणि भादों नावाचे संगमरवरी मंडप, मधल्या हौजात जफरनं १८४२ मध्ये बांधलेला लाल दगडाचा जफर महाल. सावन-भादोंमध्ये पाणी पडायचं त्यामागे छोटे कोनाडे आहेत. दिवसा त्यांत फुलं ठेवायचे, रात्री दिवे, म्हणजे पाण्याच्या पडद्याआडून उजेड दिसे. आता हौज कोरडा आणि बागेच्या पलीकडे इंग्रजांच्या बराकी. १८५७ नंतर किल्ल्याच्या आतल्या बहुतेक इमारती इंग्रजांनी पाडल्या आणि त्या जागी शिपायांची घरं बांधली. म्हणजे बाग झाली की गाव जातं, आणि राज्य गेलं की बागही जाते. भादोंच्या सावलीत बसून आम्ही डब्यातले पराठे खाल्ले. बायको म्हणाली, अब्बांना हे आवडलं असतं. आवडलं असतं. त्यांनी आधी इथलं पोस्ट ऑफिस कुठे आहे ते विचारलं असतं.

सुट्टी संपली. बाई अजून रजेवरच होत्या, म्हणून तोच तास पुन्हा माझ्याकडे आला. मी फळ्यावर तीच तारीख लिहिली आणि यावेळी मधली रेघ काढली नाही. भाऊंच्या बाजूला इब्राहिमखान गारदी लिहिला. अब्दालीच्या बाजूला अवधचा शुजाउद्दौला लिहिला आणि त्याच्या पदरी असलेला अनुपगिर गोसावी लिहिला, हिंदू, आपल्या गोसाव्यांसह अब्दालीच्या बाजूनं उभा असलेला. शुजाच्याच चाकरीतला काशिराज पंडित लिहिला, दक्षिणी ब्राह्मण. पानिपतचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत त्यानं फारसीत लिहून ठेवला, आणि लढाईनंतर भाऊंचा देह शोधून त्याला अग्नी मिळावा म्हणून धडपडणाऱ्यांत तो होता. मग लाल किल्ल्याच्या छताचीही गोष्ट सांगितली. मुलं गप्प होती.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारलं, बोल, आता अपने कौन? तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "सर, सब अपने हैं तो फिर चांदी का पैसा कौन देगा?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. त्याला म्हटलं, चांदी परत करता येत नाही बाबा, पण आपण घेतली होती एवढं सांगता येतं. सायकलवाल्या चाचांची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, उठून एवढं सांगितलं की लोक दारात येतात, मग त्यांना आत बोलवायचं. तो म्हणाला, आणि ते नाही आले तर? मी म्हटलं, तरी आपण उठायचं.

त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.